झांग ज्युझेंग: दहा वर्षांचा कारभार आणि मरणानंतरची जप्ती

९ जुलै १५८२ रोजी झांग ज्युझेंग पेइचिंगमध्ये वारला, तेव्हा तो चीनच्या मिंग साम्राज्याचा पहिला, म्हणजे सर्वांत ज्येष्ठ, महासचिव होता. मरणाच्या नऊ दिवस आधी त्याला ‘थायश’ म्हणजे राजगुरूची सर्वोच्च पदवी मिळाली होती. मिंग राजवटीत संस्थापकाच्या काळानंतर दुसऱ्या कुठल्याही मुलकी अधिकाऱ्याला ती हयातीत मिळालेली नाही. वानली सम्राटाने शोक म्हणून दरबार स्थगित केला आणि ‘वनझोंग’ हे मरणोत्तर सन्माननाम दिलं. १५८४ च्या आठव्या चांद्रमासात याच सम्राटाच्या नावाने हुकूम निघाला: खरं तर याची शवपेटी फोडून प्रेताची विटंबना करायला हवी, पण बरीच वर्षं चाकरी केली आहे म्हणून तेवढं माफ.

मधल्या दोन वर्षांत झांगच्या हातून नवा गुन्हा घडणं शक्यच नव्हतं. आरोपपत्रात जे आलं त्यातलं बहुतेक सगळं तो जिवंत असताना दरबारात सर्वांना ठाऊक होतं आणि त्यावर सम्राटाच्या लाल शाईचे शेरेही होते. हे प्रकरण समजून घ्यायचं तर झांग चांगला होता की वाईट, या वादात न शिरता त्याची सत्ता नेमकी कोणत्या कागदावर उभी होती हे पाहायला हवं.

वर कसा चढला

जन्म १५२५ चा, हुग्वांग प्रांतातल्या (आजच्या हुबेईतल्या) च्यांगलिंगचा. घराणं वंशपरंपरागत लष्करी नोंदीतलं. आजोबा तिथल्या ल्याओच्या राजपुत्राच्या वाड्यावर पहारेकरी होते. हा वाडा लक्षात ठेवावा, कारण शेवटी जप्तीचा धागा इथूनच ओढला गेला. मुलगा विलक्षण हुशार. चिनी मोजणीने बाराव्या वर्षी पहिली परीक्षा पास झाला. तेराव्या वर्षी प्रांतिक परीक्षेला बसला तेव्हा सुभेदार गू लिनने त्याला मुद्दाम नापास करायला लावलं, इतक्या लवकर यश मिळालं तर डोक्यात जाईल म्हणून. सोळाव्या वर्षी ती परीक्षा झाली आणि १५४७ मध्ये राजधानीतली शेवटची. मग हानलिन अकादमी (दरबारी विद्वानांची संस्था), तिथे श्यू ज्येसारखा मुरलेला आश्रयदाता आणि १५६७ मध्ये महासचिवालयात प्रवेश. पुढच्याच वर्षी त्याने सहा कलमी निवेदन दिलं. त्यातलं पहिलं कलम: चर्चा कमी करा. पुढची दहा वर्षं त्याने काय केलं ते यातच आलं.

१५७२ च्या जुलैत लोंगछिंग सम्राट वारला. वारस झू यीज्युन, म्हणजे पुढचा वानली, पुरता नऊ वर्षांचाही नव्हता. तेव्हाचा पहिला महासचिव गाओ गोंग ‘दहा वर्षांचं पोर राज्य कसं चालवणार’ अशा अर्थाचं काही बोलून गेला. राजवाड्यातला प्रमुख खोजा फेंग बाओ याने ते वाक्य पीळ देऊन राजमातेच्या कानावर घातलं. राज्यारोहणानंतर सहाव्या दिवशी गाओ बडतर्फ झाला आणि त्याची खुर्ची झांगला मिळाली. फेंग बाओशी झांगचं आधीच संधान होतं याबद्दल त्या काळातही फारसं कुणाचं दुमत नव्हतं.

सत्तेचा कागद

मिंग घराण्याच्या संस्थापकाने १३८० मध्ये पंतप्रधानाचं पदच रद्द केलं होतं आणि जो ते पुन्हा आणायची सूचना करील त्याला जबर शिक्षा ठरवून ठेवली होती. महासचिव हे कागदोपत्री सम्राटाचे मसुदा लिहिणारे कारकून. देशभरातून अर्ज आला की महासचिव एका चिठ्ठीवर सुचवलेला निर्णय लिहून ती अर्जाला चिकटवत. सम्राटाने पसंत केलं की तोच मजकूर लाल शाईत उतरायचा आणि हुकूम व्हायचा. लाल शाईचं काम सम्राटाला झेपत नसलं की राजवाड्यातल्या विधिखात्याचे खोजे करत. म्हणजे चिठ्ठी झांगची, लाल शाई फेंग बाओच्या ताब्यात आणि दोघांवर राजमाता ली यांचा भरवसा. या तिघांचं जमलं तोवर झांगला कोणी अडवू शकत नव्हतं. यातलं एकही बळ त्याच्या हुद्द्याचं नव्हतं, सगळं उसनं होतं आणि सम्राट सज्ञान होईपर्यंतच पुरणारं होतं.

मुलाशी त्याचं वागणं कडक मास्तराचं. वाचनात एका अक्षराचा उच्चार चुकला तर भर वर्गात गुरुजींचा आवाज चढे. मुलाला सुलेखनाची खरी आवड होती, पण राज्यकर्त्याला याचा उपयोग नाही म्हणून ते अभ्यासातून काढलं. वानली त्याला ‘झांग गुरुजी’ म्हणे, कधी हुकुमातही नाव न घेता तेच लिही. झांगचं पोट दुखतं म्हटल्यावर या मुलाने स्वतःच्या हाताने तिखट रस्सा करून दिला होता. ही माया खोटी नव्हती. नंतरचा राग इतका विखारी का झाला, त्याचं अर्धं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

तीन वह्या

झांगचा खरा शोध १५७३ चा, ‘खाओछेंग’ म्हणजे काम पुरं झालं की नाही हे तपासायची पद्धत. हुकूम निघतात आणि फडताळात पडून राहतात, हे दुखणं जुनंच. त्यावरचा त्याचा उपाय अगदी कारकुनी होता.

मंजूर झालेला प्रत्येक हुकूम संबंधित मंत्रालयात आला की अंतर आणि निकड पाहून त्याला मुदत ठरवायची. मग त्याची नोंद तीन वह्यांत करायची. एक वही मंत्रालयात राहणार. दुसरी ‘सहा शाखा’ या तपासणी कचेऱ्यांकडे जाणार. तिसरी महासचिवालयात. काम झालं की नोंदीवर काट, राहिलं तर जबाब. सुभेदाराने दिरंगाई केली तर मंत्रालयाने पकडायचं, मंत्रालयाने झाकलं तर शाखांनी, शाखांनी झाकलं तर महासचिवालयाने.

खरी मेख या शेवटच्या पायरीत आहे. सहा शाखांचे अधिकारी हुद्द्याने अगदी खालचे, पण ते थेट सम्राटाला बांधलेले आणि मंत्र्यांवरही दोषारोप करू शकणारे. तिसरी वही महासचिवालयात ठेवून झांगने या राखणदारांच्या गळ्यात स्वतःचा पट्टा अडकवला. कायद्याने हा अधिकार महासचिवाला कधीच नव्हता. १५७६ मध्ये त्याच्याच हाताखाली परीक्षा पास झालेला निरीक्षक ल्यू थाय याने नेमका हाच मुद्दा अर्जात मांडला: संस्थापकाने पंतप्रधान ठेवला नाही, आणि झांग स्वतःला पंतप्रधान समजतो. शिष्याने गुरूवर दोषारोप करण्याचा मिंग काळातला हा पहिलाच प्रसंग. झांग सम्राटापुढे लोटांगण घालून रडला, राजीनामा देऊ केला. ल्यू थायची नोकरी गेली, पुढे हद्दपारी झाली आणि १५८२ मध्ये तो ग्वांगशीत मेला. अर्जातला मुद्दा मात्र कोणी खोडून काढला नव्हता. तो दप्तरी पडून राहिला.

वह्यांचा परिणाम वसुलीवर लगेच दिसला. १५७६ पासून नेमून दिलेल्या करापैकी नव्वद टक्क्यांहून कमी जमा करणारा जिल्हाधिकारी शिक्षेस पात्र ठरू लागला, आणि शांतुंग व हनानमधल्या अधिकाऱ्यांच्या पदावनती, बडतर्फी लागलीच सुरू झाल्या. झांग मेला तेव्हा पेइचिंगच्या कोठारांत नऊ वर्षं पुरेल एवढं धान्य होतं आणि ताइत्सांग खजिन्याच्या जुन्या तळघरात ६० लाख ल्यांगांहून जास्त चांदी. (एक ल्यांग म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम.) राजाश्व खात्याकडे आणखी ४० लाख, नानजिंगला २५ लाख. उत्तरेच्या सरहद्दीवर ची जिग्वांग आणि ली छेंगल्यांग हे सेनापती, पीत नदीच्या बांधांवर पान जिश्युन. माणसं निवडण्यात झांगचा हात धरणारा त्या दरबारात कोणी नव्हता.

बिघाडही याच पद्धतीतून आला. १५७८ मध्ये फूच्येनमध्ये जमीनमोजणी सुरू झाली, १५८० मध्ये ती देशभर नेली आणि तीन वर्षांची मुदत घातली. मोजणीचं साधन धनुष्याच्या आकाराचं लाकडी माप. ते पाच चिनी फुटांचं असायला हवं; २४० चौरस मापं म्हणजे एक मू. वरून कौतुक जास्त क्षेत्र दाखवणाऱ्याचं होणार हे दिसल्यावर काही अधिकाऱ्यांनी माप आखूड करून घेतलं. शेत तेवढंच, मू जास्त, आणि कर मू वर. लपवलेली जमीन उघड झालेल्या जमीनदारांचा राग झांगवर होताच, आता ज्यांनी काहीच लपवलं नव्हतं त्यांचाही झाला. वहीत काम ‘पुरं’ झालेलं असे, आणि वहीला तेवढंच कळत होतं.

सरकारी टपालठाण्यांचे घोडे आणि खाणावळ फुकट वापरण्यावर १५७५ पासून बंदी आली, खासगी विद्यापीठं १५७९ मध्ये बंद करायला लावली. पहिल्याने अधिकारी दुखावले, दुसऱ्याने विद्वान. टपालाचा नियम त्याने घरच्यांनाही लावला: आजारी भाऊ गावी निघाला तेव्हा पाओतिंगच्या सुभेदाराने दिलेला परवाना झांगने परत करायला लावला. पण १५७७ मध्ये एका मुलाला अंतिम परीक्षेत देशात दुसरा क्रमांक मिळाला आणि १५८० मध्ये दुसऱ्याला पहिला. मुलं हुशार असतीलही. ते मानायला दरबारात कोणी तयार नव्हतं.

वडिलांचं सुतक

१५७७ च्या शरदात च्यांगलिंगहून वडील गेल्याची बातमी आली. नियमाने झांगने पद सोडून २७ महिने घरी सुतक पाळायला हवं होतं. सम्राटाला वाटल्यास तो ही सूट देऊ शकत होता, पण ती युद्धकाळाची सोय समजली जाई. वानलीने सूट दिली. झांगने रिवाजाप्रमाणे नकाराचे अर्ज केले आणि राहिला.

चार अधिकाऱ्यांनी विरोध केला. वू झोंगशिंग आणि झाओ योंगश्येन हे हानलिनमधले, त्यातला वू तर झांगचाच शिष्य. आय मू आणि शेन सश्याओ हे न्यायखात्यातले. पहिल्या दोघांना दरबारच्या अंगणात ६०-६० फटके, दुसऱ्या दोघांना ८०-८० आणि हद्दपारी. झाओ अंगाने स्थूल होता. त्याच्या मांडीचं मांस तळहाताएवढ्या तुकड्यांनी गळून पडलं आणि त्याच्या बायकोने त्यातला तुकडा वाळवून जपून ठेवला. फटके चालू असताना झोऊ युआनब्याओ नावाचा नुकताच परीक्षा पास झालेला तरुण खिशात अर्ज घेऊन उभा होता. फटके संपल्यावर ‘रजेचा अर्ज आहे’ असं सांगून त्याने तो खोजाच्या हातात दिला. त्यालाही ८० फटके बसले आणि ग्वेइझोऊला पाठवलं गेलं. पाय कायमचा अधू झाला.

झांगचा हिशेब इथे चुकला असं म्हणणं सोपं आहे, पण वाट त्याच्यासाठी दोन्ही बाजूंनी बंद होती. २७ महिने गेला असता तर तिसरी वही दुसऱ्या कोणाच्या तरी हाती गेली असती, आणि गाओ गोंगच्या वाट्याला आलं तेच त्याच्याही वाट्याला आलं असतं. राहिला, तर ज्या नीतीच्या जोरावर तो सम्राटाला रोज धडे देत होता तीच हातची गेली. १५७८ मध्ये तो अंत्यविधीसाठी गावी गेला तो ३२ भोयांच्या, आत दालनं केलेल्या पालखीतून, असं त्या काळचे लेखक लिहितात. लोकांच्या लक्षात परवाना परत करणारा झांग राहिला नाही, पालखीतला राहिला.

सुटायची खरी संधी १५८० मध्ये आली. सम्राट १७ वर्षांचा, लग्न झालेलं. झांगने निवृत्ती मागितली. राजमातेचं उत्तर: तिशीपर्यंत तुला गुरुजी सांभाळतील, मग बघू. त्याच वर्षाच्या अखेरीस दारूच्या नशेत सम्राटाने चाकरांना तलवार दाखवली आणि शिक्षा म्हणून त्यांचे केस कापले. राजमातेने त्याला गुडघ्यांवर बसवलं आणि गादी धाकट्या भावाला देईन असं धमकावलं. सम्राटाच्या नावाने निघालेल्या क्षमापत्राचा मसुदा झांगने लिहिला, आणि त्यात शब्द जपून वापरले नाहीत.

उतरंड

झांग गेल्यावर सहा महिन्यांच्या आत पहिली कडी निखळली. दोन खोजांनी सम्राटाला फेंग बाओविरुद्ध उचकवलं. १९ वर्षांचा सम्राट अजून भीत होता: तो दालनात आला तर मी काय करू? हुकूम निघाल्यावर यायची त्याची हिंमत आहे का, असं उत्तर मिळालं. डिसेंबरमध्ये फेंग नानजिंगला रवाना झाला आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. त्यात दहा लाखांवर सोनंनाणं निघालं. मोठी चूक झाली ती इथे, आणि ती कोणाच्या ध्यानात आली नाही: फेंगकडे एवढं, तर झांगकडे किती असेल, हा हिशेब सम्राटाच्या डोक्यात बसला. धाकट्या भावाच्या लग्नासाठी रत्नं हवी होती. राजमातेने विचारल्यावर वानली म्हणाला, निर्लज्ज अधिकाऱ्यांनी सगळी झांग आणि फेंगच्या घरी पोचवली, म्हणून बाजारात भाव चढले.

यंत्रणा मात्र तीच. निरीक्षकांचे अर्ज, चिकटवलेली चिठ्ठी, लाल शाई. १५८३ च्या वसंतात पदव्या आणि सन्माननाम काढून घेतलं, मुलांच्या नोकऱ्या गेल्या. ची जिग्वांगला उत्तरेच्या सरहद्दीवरून ग्वांगदोंगला हलवलं. झांगच्या हयातीत मार खाल्लेले परत बोलावले गेले. एकाने तर नानजिंगच्या जुन्या परीक्षेतला ‘शुननेही यूला असंच सांगितलं’ हा प्रश्न उकरून काढला: दंतकथेतल्या शुन राजाने गादी आपल्या मंत्र्याला, यूला दिली होती, म्हणून यात गादी झांगला द्यावी असं सूचित केलं होतं म्हणे.

१५८४ मध्ये निरीक्षक यांग खलीने ल्याओ वाड्याचं प्रकरण काढलं. तो राजपुत्र १५६८ मध्ये पदच्युत झाला होता. झांगने त्याला खोट्यात अडकवलं असा आरोप, आणि वाड्यातलं सोनंनाणं झांगच्या घरी गेलं अशी राजपुत्राच्या घरच्या बाईंची तक्रार. नुसत्या अधिकारदुरुपयोगावर घराची झडती घेता येत नव्हती. राजघराण्याची मालमत्ता गिळली म्हटल्यावर आली.

न्यायखात्याचे उपमंत्री छ्यू शुन आणि खोजा झांग छेंग पेइचिंगहून निघाले. ते पोचण्याआधीच झांगच्या गावाकडच्या, जिंगझोऊच्या अधिकाऱ्यांनी तत्परता दाखवून माणसांची यादी केली आणि दारांना बाहेरून कुलपं घातली. घरातले लोक रिकाम्या खोल्यांत लपले. दारं उघडली तेव्हा दहाहून अधिक माणसं उपाशी मेलेली होती.

मग हिशेब. मुलांचं, भावांचं सगळं धरून सुमारे १०,००० ल्यांग सोनं आणि एक लाखाहून थोडी अधिक चांदी सापडली. सम्राटाच्या मनातला आकडा याहून कितीतरी मोठा होता. म्हणून थोरला मुलगा जिंगश्यू याचा छळ सुरू झाला, आणि तिघा ओळखीच्यांकडे ३ लाख ल्यांग ठेवल्याचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. त्यानंतर त्याने गळफास घेतला. १५६५ मध्ये महासचिव यान सोंगच्या मुलाच्या जप्तीत ३०,००० ल्यांगांवर सोनं आणि २० लाखांवर चांदी निघाली होती. त्या मानाने झांगच्या घरची चांदी विसाव्या हिश्श्याच्या आसपास. झांग निष्कलंक नव्हता. महासचिवाच्या पगारात एक लाख ल्यांग साठत नाहीत. पण तो चोर म्हणून पकडला गेला नाही, पकडल्यावर चोरी शोधली गेली.

झांगची म्हातारी आई अजून जिवंत होती. तेव्हाचा पहिला महासचिव शेन शशिंग आणि न्यायमंत्री पान जिश्युन यांनी दयेची विनंती केल्यावर तिच्या पोटापाण्यासाठी एक रिकामं घर आणि १,००० मू जमीन सुटली. पानला ही रदबदली भोवली, त्याचं पदच गेलं. आठव्या महिन्यात अंतिम हुकूम निघाला: राजकुलावर आळ, टीकाकारांची मुस्कटदाबी, सम्राटाला अंधारात ठेवणं, सत्तेचा गैरवापर. भाऊ ज्यूयी आणि मुलगा सश्यू यांना तापाच्या मुलखात हद्दपारी.

आरोपांतला ‘टीकाकारांची मुस्कटदाबी’ हा भाग खरा होता. आठ वर्षांपूर्वी ल्यू थायने तेच लिहिलं होतं. पण झांगविरुद्ध जे मेले किंवा लुळे झाले, त्यांच्या शिक्षेवर लाल शाई वानलीच्याच नावाची होती, आणि हे हुकुमात कुठेच आलं नाही.

मागे काय राहिलं

खाओछेंगच्या वह्या ढिल्या पडल्या, कारण कोणत्याही नव्या महासचिवाला तिसरी वही आपल्याकडे दिसणं परवडणारं नव्हतं. शेन शशिंगसारखे लोक मध्यस्थी करून, चिठ्ठ्या मवाळ लिहून दिवस काढू लागले. वानलीने पुढे दरबारात येणंच जवळपास बंद केलं. निंगश्या, कोरिया आणि बोझोऊ या तीन मोहिमांना एक कोटी ल्यांगांहून जास्त खर्च आला. जुन्या तळघरातली चांदी तिथे गेली.

वानली १६२० मध्ये वारला. १६२२ मध्ये झांगचे जुने हुद्दे आणि सरकारी अंत्यविधीचा मान परत मिळाला, विकायची राहिलेली घरंही. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत निरीक्षक मंडळाचा तेव्हाचा प्रमुख होता: ८० फटक्यांनी अधू झालेला झोऊ युआनब्याओ. वारसांचे हक्क १६३० मध्ये परत आले, जिंगश्यूचं पद परत यायला १६४० उजाडलं.  पणतू झांग थोंगछांग याला राजधानीत लहानसं पद मिळालं. पेइचिंग पडल्यावर तो दक्षिणेत मिंगांच्याच बाजूने लढत राहिला आणि जानेवारी १६५१ मध्ये ग्वेइलिनला मंचूंनी त्याचा शिरच्छेद केला.